शेपूट कुठे ठेवायचं, ते आधी ठरव

प्रिय,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचा आराखडा आणि पहिली चाळीस पानं नीट वाचली. मुंबई आजचीच, फक्त तिच्यात माणसांबरोबर श्वानजन, मार्जारजन आणि आणखी सात जाती राहतात, ही कल्पना मनापासून आवडली. अडचण अशी की चाळीस पानांत दोन दंगली, एक मोर्चा आणि एक गोळीबार होऊनही या लोकांबरोबर एका जिन्यात राहणं कसं असतं, ते कळत नाही. अवघडलेला शेजार दंगलीत दिसत नाही. तो लोकलमध्ये, औषधाच्या दुकानात, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर दिसतो. लिखाण तिथून सुरू कर.

नऊ जातींपैकी सात काढून टाक. दोन पुरेत. प्रत्येकीसाठी एक पान शरीराचं लिही: उंची, वजन, हाताची बोटं, ऐकू काय येतं, पचतं काय, उकाड्यात अंग थंड कसं होतं, आणि शेपूट बसताना कुठे जातं. हे शेवटचं किरकोळ वाटेल, पण तुझं अर्धं पुस्तक त्यात आहे. लोकलचा बाक तिघांचा, त्यावर चौथा अर्धा टेकतो. पाठ सलग, मागे फट नाही. दोन फुटी शेपूट बाजूला वळवलं तर शेजाऱ्याच्या मांडीवर, खाली सोडलं तर कोणाच्या तरी बुटाखाली. म्हणून तुझा श्वानजन कारकून जागा रिकामी असूनही विरारपर्यंत उभा राहतो, आणि बघणाऱ्यांना वाटतं, याला आपल्या शेजारी बसायचं नाही. कोणीच कोणाचं वाईट केलेलं नसतं, तरी तेढ वाढते. मला तुझ्याकडून हे हवंय.

आता त्याच डब्यात मे महिना आण. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडा येतो, बाकी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. दमट हवेत जिभेवरची वाफ लवकर होत नाही, म्हणून धापा वाढतात. म्हणजे दादरला गर्दी आत घुसते तेव्हा हा तोंड उघडं टाकून, सगळे दात दाखवत, भराभर श्वास घेत उभा असतो. समोरच्या बाईच्या कडेवर मूल आहे. ती मुलाचं तोंड दुसरीकडे फिरवते. त्याच्या ते लक्षात येतं आणि तो तोंड मिटतो. मिटल्यावर त्याला किती वेळ निभावता येईल, हे तुला लेखक म्हणून ठाऊक असलं पाहिजे. वांद्र्यापर्यंत? अंधेरीपर्यंत? आकडा ठरव आणि पुस्तकभर पाळ.

कानांचंही असंच. माणसाला वीस हजार हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही. कुत्र्याला साधारण पंचेचाळीस हजारांपर्यंत येतं, मांजराला साठ हजारांच्याही वर. बाजारात उंदीर पळवणारी अल्ट्रासॉनिक यंत्रं मिळतात, ती नेमकी या पट्ट्यात वाजतात. सोसायटीने जिन्यात असं एक यंत्र बसवलं, तर 302 मधल्या मार्जारजन बाईंना रात्रभर झोप नाही, आणि इमारतीत दुसऱ्या कोणाला काहीच ऐकू येत नाही. सेक्रेटरी सज्जन आहेत. ते स्वतः जिन्यात पाच मिनिटं उभे राहतात, त्यांना शांतता ऐकू येते, आणि वहीत ते लिहितात, ‘तक्रारीत तथ्य आढळले नाही’.

औषधांच्या बाबतीत मात्र गणित चुकवू नकोस, कारण जाणकार वाचक तिथेच पकडतो. पॅरासिटामॉल निकामी करण्याची यकृतातली एक महत्त्वाची वाट मांजरात जवळजवळ बंद असते. त्यामुळे औषध साचतं, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. मांजरांत किलोमागे 10 मिलिग्रॅमलाही विषबाधा झाल्याची नोंद आहे. तुझ्या बाईंचं वजन 50 किलो धरलं तर 500 ची एक गोळी बरोबर त्या काठावर येते, आणि ‘दिवसातून तीनदा’ म्हटलं की काठ ओलांडला. तू लिहिलंयस तसं एका गोळीत कोसळून मरण येणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, केमिस्टने आपलेपणाने दिलेल्या चौथ्या गोळीनंतर येईल. लसूण-कांद्याने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणजे ऑफिसात एकमेकांचा डबा खाणं संपलं. आणि मांजराला गोड चव कळतच नाही, गोडी पकडणारी यंत्रणाच त्याच्या जिभेवर नाही. शेजारच्या मुलीचा निकाल लागला, पेढे आले. बाई पेढा घेतात, सगळ्यांसमोर खातात, ‘छान आहे’ म्हणतात. हा प्रसंग अर्ध्या पानात लिही, खुलासा करू नकोस.

माणसांच्या बाजूचा अवघडलेपणाही खरा असू दे. प्रशिक्षित कुत्रे मधुमेहींची साखर उतरल्याचं वासावरून ओळखू शकतात. मग लिफ्टमध्ये शिरताच शेजाऱ्याला आपलं दुखणं, रात्रीची दारू, कदाचित अजून घरात न सांगितलेलं गरोदरपणही कळत असेल, तर त्या लिफ्टमध्ये चढायला कोण धजावेल? हा दुस्वास नव्हे. आपलं झाकलेलं उघडं पडण्याची भीती आहे, आणि तुझ्या कथेत तिला न्याय मिळाला पाहिजे.

भाषेकडे वळ. मराठीने तुला एक आयतं शस्त्र दिलंय आणि तू ते वापरलेलं नाहीस. मांजर नपुंसकलिंगी आहे. ‘302 मधल्या बाई’ आणि ‘302 मधलं ते मांजर’ यांतला फरक पुढच्या क्रियापदापर्यंत पोचतो: बाई आल्या, ते आलं. शिवी न देता अपमान करता येतो, आणि करणारा म्हणू शकतो, मी तर व्याकरण पाळलं. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, मांजर आडवं गेलं, गाढवाला गुळाची चव काय, यांतलं काय अजून शाळेच्या पुस्तकात आहे, काय काढलंय, कोणाची आजी तरीही बोलून जाते, याचा विचार कर. ‘श्वानजन’ हा शब्द अर्जाच्या रकान्यात शोभतो, नाक्यावर कोणी तो बोलणार नाही. त्यांचा आपसातला शब्द वेगळा, तोंडावर न म्हणायचा वेगळा. तिन्ही ठरव.

कायद्याचं काम सोपं आहे, कारण आपली घटना जशीच्या तशी वापरता येते. कलम 14 ‘व्यक्ती’ला समानता देतं, म्हणून पहिला खटला ‘व्यक्ती म्हणजे कोण’ यावर होईल. कलम 15 मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, प्राणिजात नाही. ती घातली तरी त्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी येतात, खासगी घरमालक येत नाही. म्हणजे हॉटेलात चहा मिळेल, पण अकरा महिन्यांचा भाडेकरार मिळेलच असं नाही. संख्याही ठरव. चाळीस घरांच्या इमारतीत एक घर असेल तर कौतुक, दोन असतील तर ‘ते लोक’, दहा झाली की निवडणुकीतली मतं.

एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे. तुझे लांडगेजन (ते काढायच्या सातांत आहेत, तरी सांगतो) एका खऱ्या समाजाचं रूपक म्हणून उभे केलेस, ते मोड. 1871 च्या आणि त्यानंतरच्या कायद्यांनी इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, हजेरी लावली, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती केल्या. 31 ऑगस्ट 1952 ला त्या जमाती विमुक्त झाल्या, तरी संशय आजही त्यांच्या दारात उभा असतो. तो आरोप खोटा होता, हाच त्या अन्यायाचा गाभा. तुझ्या लांडगेजनाला सुळे आहेत आणि कथेत तो खरंच फाडतो. रूपक जुळवलंस की इंग्रजांचा कायदा बरोबर ठरतो. तुला ते म्हणायचं नाही, मला माहीत आहे, पण पान तेच म्हणतं. शरीरातून येणारा धोका ठेवायचा तर तो त्याच शरीराचा ठेव, त्यावर कोणत्याही माणसांच्या वस्तीचं नाव, पेहराव, बोली चढवू नकोस.

नमुना हवा असेल तर जुन्नरच्या उसात बघ. तिथे बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा हल्ले घटण्याऐवजी वाढले, असं अभ्यासात दिसलं: ओळखीची हद्द सुटलेला प्राणी आणि त्याला न ओळखणारं गाव समोरासमोर आलं. तुझ्या तिसऱ्या भागात सरकार मार्जारजनांचं ‘पुनर्वसन’ करतं, तिथे हे वापर. आणि आदिवासी पाड्यांवरचा वाघोबा बघ. शेंदूर लावलेल्या देवाला नैवेद्य मिळतो, तरी संध्याकाळी कोणी दार उघडं टाकत नाही. भक्ती आणि सावधपणा एकाच घरात नांदतात.

पुढच्या खेपेला दंगल पाठवू नकोस. सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त पाठव, दोन पानांचं. विषय क्रमांक चार: जिन्यातलं यंत्र. सूचक, अनुमोदक, कोण बोललं, कोण गप्प बसलं. 302 मधल्या बाई सभेला हजर आहेत, पण हजेरीपत्रकावर त्यांची सही नाही. का नाही, ते तू ठरव.

तुझा,
काका