कुरवांचे छायाचित्र आणि मूठभर शेव

प्रश्न : हिवाळ्यात मोरजीच्या किनाऱ्यावर सीगल पक्ष्यांचे थवे उतरतात. पर्यटक त्यांना शेव आणि वेफर्स टाकू लागले की ते माणसांच्या डोक्याभोवती घिरट्या घालतात आणि अगदी जवळून छायाचित्रे मिळतात. मात्र माझ्या छायाचित्रांत पक्ष्यांचे पांढरे अंग साफ उडालेले दिसते आणि बहुतेक पक्षी पाठमोरे येतात. स्वतः थोडे खाद्य टाकून हवे तसे चित्र मिळवणे योग्य आहे का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : खाद्य टाकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कुरव, म्हणजे आपण म्हणता ते सीगल, मासळी, कोळंबी, किडे असे पुष्कळ काही खातात, म्हणून तळलेली, खारट शेव त्यांना मानवते असे समजण्याचे कारण नाही. शिवाय वाळूत पडलेल्या खाद्यावर भटकी कुत्री जमतात आणि तीच पुढे विश्रांती घेणाऱ्या थव्यांमागे लागतात.

दुसरे असे की, खाद्यामुळे आपले चित्रही सुधारणार नाही. शेव ज्या बाजूला उडते त्या बाजूला पक्षी वळतात, त्यामुळे चोच कोठे आणि प्रकाश कोठे याचा मेळ बसणे निव्वळ योगायोगावर राहते. त्याऐवजी वाऱ्याचा उपयोग करावा. पक्षी उतरताना आणि झेप घेताना वाऱ्याला सामोरे जातात. गोव्याचा किनारा पश्चिमाभिमुख असल्यामुळे सकाळी समुद्राकडे तोंड करून उभे राहिल्यास सूर्य आपल्या पाठीशी असतो; त्याच वेळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहत असेल, तर उतरणारा कुरव आपल्याकडे तोंड करून, अंगावर पूर्ण प्रकाश घेऊन येतो. दुपारनंतर खारे वारे सुटले की हाच पक्षी समुद्राकडे तोंड करतो, सूर्यही समोर येतो, आणि आपल्या वाट्याला शेपट्या आणि काळ्या आकृत्या उरतात. म्हणून ऊन चढण्यापूर्वी शापोरा नदीच्या मुखाकडील वाळूवर थव्यापासून दूर बसून राहावे. बसलेले पक्षी उभे राहून चालू लागले, तर आपण फार जवळ गेलो आहोत असे समजून थांबावे. जवळपास रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असेल तर फारच उत्तम, कारण जाळ्यातून निसटणाऱ्या बारीक मासळीसाठी कुरव आपणहून येतात. तेथे रापणकारांच्या दोरापासून बाजूला राहावे, एवढेच.

पांढरा रंग उडण्याचे कारण कॅमेऱ्याचा प्रकाशमापक आहे. गडद पाणी चौकटीचा मोठा भाग व्यापते तेव्हा तो संपूर्ण दृश्य उजळ करतो आणि पांढऱ्या पिसांतील तपशील नाहीसा होतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मापकाने ठरवलेला उजेड कमी-अधिक करण्याची कॅमेऱ्यातील सोय, उणे दोन-तृतीयांश ते उणे एक ठेवून पाहावे. मागे उजळ आकाश असेल तर उलट अधिक बाजूला न्यावे. शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान, फोकस सतत मागोवा घेणारा आणि फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ) स्वरूपात असावी.

पर्यटक खाद्य टाकत असताना छायाचित्र काढूच नये, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. माणसाचा हात, वेफर्सची पिशवी आणि वर झेपावणारे पक्षी हे आजच्या किनाऱ्याचे खरे दृश्य आहे, त्यामुळे ते तसेच चौकटीत येऊ द्यावे. चौकटीतून हात वगळून तेच चित्र निसर्गातील शिकारीचे म्हणून दाखवणे ही फसवणूक होईल. ते स्पर्धेला पाठवायचे असल्यास नियम वाचावेत आणि चित्राखाली खाद्याचा उल्लेख करावा.

प्रश्न : माझ्या चित्रातील पक्ष्याचे डोके पांढरे असून डोळ्यामागे काळा ठिपका आहे. तो तपकिरी डोक्याचा कुरव की काळ्या डोक्याचा?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी असतात आणि ठिपकाही दोघांना असतो. मार्चच्या सुमारास, लडाख-तिबेटकडील उंच सरोवरांकडे परतण्यापूर्वी, तपकिरी डोक्याच्या कुरवाला त्याचा रंग पुन्हा चढू लागतो. तोपर्यंत चित्र मोठे करून पंख पाहावा : पूर्ण वाढलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या काळ्या पंखटोकात ठळक पांढरे ठिपके असतात आणि त्याचा डोळा फिकट दिसतो, तर काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढील कड पांढरी आणि डोळा गडद असतो.