वाचकांचे प्रश्न : हा विनोद कुणाच्या जिवावर?

प्रश्न : मी गेली तीस वर्षे नियमितपणे रेडिओ ऐकतो. पूर्वी पहिल्या वाक्यातच निवेदक ओळखू यायचा. आता केंद्र बदलले तरी तोच चढा सूर, तेच ओढूनताणून आणलेले हसू आणि कुणाच्या तरी रंगाची, शरीराची किंवा बोलीची थट्टा ऐकू येते. आक्षेप घेतला, तर 'तुम्हाला विनोद कळत नाही' असे ऐकावे लागते. विनोदबुद्धी माझी हरवली आहे की त्यांची?

उत्तर : आपली तर खचितच नाही. आपण दोन तक्रारी मांडल्या आहेत. माझ्या मते त्या एकाच दुखण्याच्या आहेत. ज्या निवेदकाची श्रोत्यांशी ओळख जमलेली असते, त्याला हशा मिळवण्यासाठी कुणाला दुखवावे लागत नाही. बोलण्यातली एखादी लकब, कालच्या गप्पांचा आज पुन्हा पकडलेला धागा, स्वतःचीच उडवलेली टर एवढ्यावर त्याचे काम भागते. ब्रिटनमध्ये टेरी वोगन 2009च्या अखेरपर्यंत बीबीसी रेडिओ 2वर सकाळचा कार्यक्रम करत होते. श्रोत्यांची पत्रे वाचायची, त्या पत्रांतून स्वतःवर झालेले वार हसत झेलायचे, असा त्यांचा साधा शिरस्ता होता आणि त्यासाठी जवळपास 80 लाख लोक रेडिओ लावत असत.

अशी ओळख जमायला वेळ लागतो आणि निवेदकाच्या हातून नेमका वेळच काढून घेतला गेला आहे. अमेरिकेत 1996च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाकडे देशभरात किती केंद्रे असावीत यावरची मर्यादा उठवली आणि काही वर्षांतच एकट्या क्लिअर चॅनल कंपनीकडे 1200हून अधिक केंद्रे जमा झाली. त्यानंतर 'व्हॉइस ट्रॅकिंग' फोफावले, म्हणजे एकाच निवेदकाने आपली वाक्ये आधी ध्वनिमुद्रित करायची आणि ती अनेक गावांतल्या केंद्रांवरून, जणू तो तिथेच बसला आहे अशा थाटात, ऐकवायची. ज्याला समोरच्या गावातले काहीच ठाऊक नाही, त्याचे व्यक्तिमत्त्व उमटणार तरी कशातून? पुढे 2007च्या सुमारास, श्रोतेसंख्या मोजण्यासाठी श्रोत्यांनी काय ऐकले याच्या रोजनिशीत नोंदी करण्याची जुनी पद्धत मोठ्या शहरांत मागे पडली आणि कोण केव्हा केंद्र बदलतो हे मिनिटागणिक टिपणारी यंत्रे आली. निवेदक बोलू लागला की लोक निघून जातात, असा निष्कर्ष अनेक व्यवस्थापकांनी त्यातून काढला आणि दोन गाण्यांमधले बोलणे, ज्याला या व्यवसायात 'लिंक' म्हणतात, काही सेकंदांवर आणून ठेवले.

आता वीस सेकंदांत हसवायचे कसे? व्यक्तिरेखा उभी करायला, प्रसंग रंगवायला तेवढा अवधी पुरत नाही. अपमानाला मात्र प्रस्तावना लागत नाही, कारण त्याचा अर्धा भाग ऐकणाऱ्याच्या मनात पूर्वग्रहाच्या रूपाने आधीच तयार असतो. निवेदकाने केवळ बोट दाखवायचे असते. म्हणूनच हे विनोद सगळीकडे सारखे वाटतात, आणि 'बिनधास्तपणा हीच आमची ओळख' असे एखादे केंद्र म्हणते, तेव्हा मला ती उसनी ओळख वाटते.

प्रश्न : थेट प्रसारणात कधीतरी काहीतरी निसटून जाणारच. तेवढ्यासाठी निवेदकाची नोकरी घालवणे अन्याय नव्हे काय?

उत्तर : निसटलेल्या शब्दाला क्षमा असावी, याबाबत मी आपल्याशी सहमत आहे. मात्र गाजलेली प्रकरणे पाहिली, तर निसटणे फारच थोड्या ठिकाणी आढळते. ऑक्टोबर 2008मध्ये रसेल ब्रँड आणि जोनाथन रॉस या निवेदकांनी 78 वर्षांचे अभिनेते अँड्र्यू सॅक्स यांच्या फोनवर त्यांच्या नातीविषयी अश्लाघ्य निरोप ठेवले. तो भाग थेट नव्हता. आधी ध्वनिमुद्रित होऊन मग बीबीसीवरून गेला, म्हणजे तो काढून टाकायला पुरेसा अवधी हाताशी होता. ब्रँड यांनी राजीनामा दिला, रॉस 12 आठवडे निलंबित झाले, रेडिओ 2च्या प्रमुखांनीही पद सोडले आणि नियामक संस्था ऑफकॉमने बीबीसीला दीड लाख पौंडांचा दंड केला. प्रमुखांचे पद सोडणे मला त्यात सर्वांत योग्य वाटते, कारण 'जाऊ द्या' म्हणणारा वरिष्ठ नसता, तर तो विनोद बाहेर पडलाच नसता.

डिसेंबर 2012मधले ऑस्ट्रेलियातले प्रकरण याहून गंभीर होते. दोन निवेदकांनी राणी एलिझाबेथ आणि युवराज चार्ल्स असल्याचे भासवून लंडनच्या एका रुग्णालयात फोन केला आणि तो संवाद, पलीकडच्या परिचारिकांची संमती नसताना, प्रसारित झाला. ज्या परिचारिकेने विश्वासाने तो फोन पुढे जोडून दिला होता, तिने काही दिवसांतच आत्महत्या केली. अशा मृत्यूचे कारण एकाच गोष्टीत शोधणे योग्य नव्हे. परंतु ज्याला आपण खेळात आहोत हेच ठाऊक नाही, त्याला खेळाडू ठरवण्याचा अधिकार निवेदकाला कुणी दिला, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेतील रेडिओ निवेदक डॉन आयमस यांचे एप्रिल 2007मधले उद्गार मात्र खरोखरच थेट प्रसारणातले होते. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेल्या एका विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाविषयी ते वंशद्वेषी भाषेत बोलले आणि माफी मागूनही आठवडाभरातच त्यांचा कार्यक्रम बंद झाला. अनेकांना ही शिक्षा कठोर वाटली. पण त्यांची कारकीर्दच अशा बोलण्यावर पोसलेली होती. तोल त्या दिवशी सुटला, असे म्हणणे मला पटत नाही.

प्रश्न : एकट्या श्रोत्याच्या तक्रारीने काही होते का?

उत्तर : कधीकधी होते, मात्र ती नेमकी हवी. दिनांक, वेळ, कार्यक्रमाचे नाव आणि जसेच्या तसे शब्द लिहून आधी केंद्राला कळवावे आणि समाधान न झाल्यास नियामकाकडे जावे. विलंब करू नये, कारण ध्वनिमुद्रणे ठरावीक मुदतीपर्यंतच जपली जातात. ब्रिटनमध्ये रेडिओसाठी ती 42 दिवसांची आहे. राहिला एकटेपणाचा प्रश्न. सॅक्स यांच्याविषयीच्या त्या कार्यक्रमावर सुरुवातीला अवघ्या दोन तक्रारी आल्या होत्या. वृत्तपत्रांनी विषय लावून धरल्यावर तो आकडा 40 हजारांपलीकडे गेला.