हार्ड, डिफिकल्ट, आर्ड्युअस: सगळंच ‘कठीण’ नव्हे

वाशीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: हार्ड, डिफिकल्ट, लबोरिअस, आर्ड्युअस या सगळ्यांना मराठीत ‘कठीण’च म्हणायचं का? आणि सोप्या कामाला ‘ईझी’खेरीज काय शब्द आहेत?

सरसकट ‘कठीण’ म्हणू नये. ताण कशावर पडतो ते आधी बघावं: अंगावर, डोक्यावर की चिकाटीवर.

तुमच्या वाशीच्याच बाजार समितीतलं माथाडी कामगाराचं काम घ्या. पाठीवरून गोणी वाहायला कसब लागतंच, पण ते काम हार्ड आहे ते अंगमेहनतीमुळे. म्हणून ‘हार्ड वर्क’ म्हणजे कष्ट, ‘कठीण काम’ नव्हे. गणितही हार्ड असू शकतं, कारण हा शब्द दोन्हीकडे चालतो. डिफिकल्ट मात्र बहुधा डोक्याला किंवा कौशल्याला आव्हान देतं. त्याला ‘अवघड’ चपखल बसतो. सोसायटीचे जुने हिशेब पावतीन् पावती बघून जुळवणं हे लबोरिअस. त्यात अवघड काही नसतं, पण वेळ आणि चिकाटी पणाला लागते. आपला ‘जिकिरीचं’ हा शब्द इथे फार सुंदर बसतो, आणि तो हल्ली कमी वापरला जातो याचं मला वाईट वाटतं.

आर्ड्युअसच्या मुळाशी लॅटिन ‘आर्दुउस’ आहे, म्हणजे उभ्या चढणीचा. मुंब्रा देवीचा डोंगर चढताना जी दमछाक होते, ती या शब्दात आहे. मराठीत ‘खडतर’ म्हणा. तोही वाटेला आणि कामाला, दोन्हींना लागतो.

एक चूक नोकरीच्या अर्जांत हमखास दिसते: ‘आय वर्क हार्डली’. याचा अर्थ ‘मी जेमतेमच काम करतो’ असा होतो! मेहनतीसाठी क्रियाविशेषणही ‘हार्ड’च.

आता सोपी बाजू. करायला सोपं ते ईझी, कमी श्रमाचं ते लाइट. आजारपणानंतर डॉक्टर ‘लाइट ड्यूटी’ लिहून देतात, त्याचं भाषांतर ‘हलकं काम’ करू नये. मराठीत हलकं म्हणजे कमी प्रतिष्ठेचं असाही अर्थ निघतो, आणि त्यासाठी इंग्रजीत ‘मीनिअल’ हा वेगळा शब्द आहे. ‘कमी श्रमाचं काम’ म्हणावं. पगार चांगला, दगदग नाही अशी नोकरी ‘कुशी’. हा शब्द आपल्याकडच्या ‘खुशी’वरून ब्रिटिश सैनिकांच्या तोंडी गेला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रजीत रुळला. तो बोलण्यातला आहे, अर्जात लिहू नका.