टोयोटा ८६ चे स्पार्क प्लग घरी बदलता येतात का? गॅरेजवाला म्हणतो इंजिन खाली उतरवावं लागेल

नाही हो, इंजिन वगैरे काही उतरवावं लागत नाही, मी माझ्या ८६ चे घरीच बदलतो. बॉनेट उघडल्यावर प्लग दिसत नाहीत म्हणून माणूस घाबरतो, पण हे बॉक्सर इंजिन आहे, सिलिंडर आडवे, दोन डावीकडे दोन उजवीकडे, त्यामुळे प्लग वरून नाही तर बाजूने बसतात. एका बाजूचा एअर फिल्टरचा डबा आणि दुसऱ्या बाजूची बॅटरी काढली की हात जातो. इंजिन पूर्ण थंड हवं, हेड (इंजिनचा ज्यात प्लग आट्यांनी बसतात तो भाग) अल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग ओढले तर आटे खराब होतात.

प्रत्येक प्लगवर त्याला ठिणगीसाठी वीज देणारी एक कॉइल बसलेली असते. कॉइलच्या वायरच्या क्लिपचं प्लास्टिक उष्णतेने ठिसूळ झालेलं असतं, स्क्रू ड्रायव्हरने उचकू नका, बोटाने दाबून हळूच काढा. मग कॉइलचा बोल्ट काढून कॉइल थोडी फिरवत बाहेर घ्या आणि प्लग सोडवायच्या आधी भोकात हवा मारा, नाहीतर आतली माती थेट सिलिंडरमध्ये जाते.

खरी अडचण जागेची आहे. सॉकेट, एक्स्टेंशन, रॅचेट सगळं जोडून घालायला गेलात तर चॅसीला अडतं, म्हणून आधी नुसतं सॉकेट आत सरकवा, त्यात छोटं एक्स्टेंशन अडकवा, शेवटी रॅचेट, आणि काढताना उलट क्रमाने. सॉकेट चुंबकवालं घ्या, रबरवालं कधीकधी प्लगवरच अडकून बसतं.

नवीन प्लग लावताना मात्र अजिबात घाई नको. प्लगच्या मागच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा लावा आणि त्या नळीनेच फिरवा, आटे वाकडे लागले तर नळी आपोआप घसरते आणि हेड वाचतं, रॅचेटने सुरुवात केलीत तर ते कळतही नाही आणि हेडचे आटे गेले की काम फार मोठं होतं. शेवटचं घट्ट करणं टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं जातंय ते मोजणारा पाना), आकडा मॅन्युअलमध्ये बघून. आट्यांना ग्रीस लावायला बरेच जण सांगतात, मी लावत नाही, कोटिंगवाल्या प्लगला ते लागत नाही आणि ग्रीसमुळे तोच टॉर्क लावूनही प्लग जास्त आवळला जातो. इरिडियम प्लगच्या गॅपमध्ये (ठिणगी पडते त्या फटीत) ती मोजायचं गेज घुसवू नका, टोक जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं.

जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा. फिकट तपकिरी असतील तर सगळं ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि प्लगच्या वरच्या भागाला ऑइल दिसलं तर प्लग ज्या नळीत बसतो त्या ट्यूबचं सील गळतंय, तेही बदलून घ्या.

गाडी चालू केल्यावर इंजिन थरथरलं तर लगेच प्लगला दोष देऊ नका, आधी चारही कॉइलच्या क्लिप तपासा, एखादी टक्‌ आवाज होईपर्यंत बसलेली नसते.