बिलावर नवा बेल्ट, गाडीत कुठला?

प्रश्न थोडक्यात असा. धनकवडीच्या एक ताई स्कूटरवरून टिफिन पोचवतात. गाडी पावणेतीन वर्षांची. १८,४०० किलोमीटरला कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने ड्राइव्ह बेल्ट (इंजिनाची ओढ मागच्या चाकाला पोचवणारा पट्टा) आणि रोलर बदलल्याचं १,९४० रुपयांचं बिल दिलं. २२,१०० ला कात्रज घाटाच्या चढावर बेल्ट तुटला. गाडी मागे सरकली, ताई पडल्या, गुडघा फुटला, अठरा डबे रस्त्यावर सांडले. सर्व्हिस सेंटर म्हणतं, "बेल्ट झिजणारा पार्ट आहे, वॉरंटीत बसत नाही." ताईंचा प्रश्न: कंपनीवर केस केली तर नवी गाडी मिळेल का?

ताई, नवी गाडी डोक्यातून काढून टाका. बेल्ट तुटला म्हणून अख्खी गाडी सदोष ठरत नाही, आणि अवाच्या सवा मागणी केली की ग्राहक आयोगासमोर खऱ्या मागणीचंही वजन उतरतं.

वॉरंटीच्या वादातही पडू नका. तिथे सर्व्हिस सेंटरचं म्हणणं बरोबर आहे. ब्रेक शू, क्लच, बेल्ट हे झिजणारे भाग बहुतेक कंपन्या वॉरंटीतून वगळतात. गिअरलेस स्कूटरचा बेल्ट मॉडेलप्रमाणे साधारण २० ते २५ हजार किलोमीटरला बदलायला सांगतात. पहिलाच बेल्ट २२,१०० ला तुटला असता, तर मीच तुम्हाला घरी बसा म्हटलं असतं.

पण तुमच्या हातात बिल आहे. त्या बिलाप्रमाणे हा बेल्ट फक्त ३,७०० किलोमीटर चालला. म्हणजे तुमचं भांडण वॉरंटीचं नाही, पैसे घेऊन केलेल्या (किंवा न केलेल्या) कामाचं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मध्ये याला सेवेतील त्रुटी म्हटलंय. बेल्ट वॉरंटीत बसत नाही म्हणून ती पुसली जात नाही.

आता मुख्य काम. तो तुटका बेल्ट तुमच्याकडेच आहे असं लिहिलंय, फार बरं झालं. ओळखीच्या पण त्या सेंटरशी संबंध नसलेल्या गॅरेजवाल्याकडून व्हर्नियरने (बारीक मापं घेण्याच्या अवजाराने) त्याची रुंदी मोजून घ्या. बेल्ट पुलीत घासून घासून अरुंद होतो, आणि किती अरुंद झाला की बदलायचा ती मर्यादा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेली असते. बेल्ट मर्यादेच्या खाली गेलेला आणि आतल्या दातांच्या मुळाशी बारीक चिरा पडलेल्या, असं दिसलं तर ३,७०० किलोमीटरमध्ये हे सहसा होत नाही. बेल्ट बिलावर बदलला, गाडीत नाही, असा संशय घ्यायला जागा आहे. उलट रुंदी चांगली असेल पण कडा तेलकट असतील, तर तेल अडवणारं सील गळत होतं आणि कव्हर उघडूनही कुणी पाहिलं नाही. तिसरी शक्यता, दुसऱ्याच मॉडेलचा बेल्ट बसवला असेल. पाठीवर छापलेला नंबर वाचता येत असेल तर बिलावरच्या पार्ट नंबरशी ताडून बघा. गॅरेजवाल्याला जे दिसलं ते तारीख टाकून लिहून द्यायला सांगा. पुढे त्याच कागदावरून शपथपत्र करता येईल.

बेल्ट धुऊ नका, पुसू नका. मीटरच्या आकड्यासकट गाडीचे आणि बेल्टचे फोटो काढा, बेल्ट पिशवीत बांधून ठेवा. परीक्षणाशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तिची फी मात्र तुम्हाला भरावी लागू शकते.

समोरचा वकील दोन गोष्टी काढणारच. एक, "या धंद्यासाठी गाडी वापरतात, या ग्राहकच नाहीत." घाबरू नका. फक्त स्वतःचं पोट भरण्यासाठी स्वयंरोजगारात केलेला वापर कायद्याने 'व्यापारी हेतू'तून वगळलाय. डबे तुम्ही स्वतः पोचवता हे तक्रारीत स्पष्ट लिहा. दुसरी, "बेल्ट तुटला तरी ब्रेक लागतात, मग गाडी मागे कशी आली?" प्रश्न रास्त आहे. चढ, पुढे-मागे डब्यांचं ओझं, अचानक ओढ गेली; जे घडलं तेवढंच सांगा, तिखटमीठ लावू नका.

आधी सर्व्हिस सेंटरला स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह १५ दिवसांची नोटीस द्या. बेल्ट-रोलरचे पैसे, टोइंग, दवाखान्याची पावती, बुडलेले दिवस आणि मनस्ताप, एवढंच मागा. बुडलेल्या दिवसांसाठी तुमची ऑर्डरची वही आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप जपून ठेवा. विम्याकडून बेल्टचे पैसे मिळणार नाहीत, यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत वगळलेला असतो. टोइंगचं कलम असेल तर तेवढं बघा.

नोटिशीला उत्तर नाही आलं तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथे दावा लावता येतो, आणि सेवेसाठी तुम्ही दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्याने तक्रारीची फी शून्य. मुदत, कारण घडल्यापासून दोन वर्षं. वकील लावलाच पाहिजे असं नाही. ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार स्वतः दाखल करता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून बघायलाही हरकत नाही, कधीकधी तेवढ्यावरच मिटतं. उत्पादक कंपनीला पक्षकार करण्याची घाई नको. बेल्ट खरोखर नवा, अस्सल आणि बनावटीतच खराब निघाला तरच तिला ओढा. नाहीतर एक जादा वकील आणि जादा तारखा पदरात पडतील.

आणि हो, सेंटरवाले आता गोड बोलून म्हणतील, "ताई, बेल्ट आणून द्या, कंपनीला दाखवतो." फोटो पाठवा. मूळ बेल्ट बघायचाच असेल तर तुमच्या घरी येऊन, तुमच्यासमोर बघू दे.