अँसिबल अद्ययावत केल्यापासून अल्मालिनक्स ८ वर फक्त पॅकेजेच का इन्स्टॉल होत नाहीत?

आपण लिहिले आहे की चिकोडीजवळच्या साखर कारखान्यातील आपल्या सर्व्हरांवर अल्मालिनक्स ८ ही लिनक्स प्रणाली आहे. अँसिबल हे एका यंत्रावरून (कंट्रोल मशीनवरून) अनेक सर्व्हर सांभाळणारे साधन. त्याचा गाभा असलेले अँसिबल-कोअर २.१७ वर नेताच सगळी कामे अडली, म्हणून आपण सर्व्हरांवर पायथन ३.९ घालून इंटरप्रिटरचा (अँसिबलने सर्व्हरवर कोणते पायथन वापरायचे त्याचा) पत्ता बदलला. आता फाइली पोहोचतात, सर्व्हिस सुरू होतात, मात्र पॅकेज इन्स्टॉल करायचे प्रत्येक काम ‘फ्युचर फीचर ॲनोटेशन्स इज नॉट डिफाइन्ड’ या ओळीवर थांबते.

मी बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीचे सर्व्हर पाहतो. याच ओळीपायी माझे दोन दिवस गेले. रिपॉझिटरी तपासली, कॅशे पुसला, पायथन३-डीएनएफ (पॅकेजे इन्स्टॉल करणाऱ्या डीएनएफ साधनाचा पायथनमधील भाग) पुन्हा इन्स्टॉल करून पाहिले, तर ते आधीच इन्स्टॉल झालेले आहे असेच उत्तर येत राहिले. शेवटी त्या पॅकेजमधील फाइलींची यादी आरपीएम या पॅकेज-नोंदीच्या कमांडकडून मागवली आणि जवळजवळ प्रत्येक फाइलीच्या मार्गात ‘पायथन३.६’ हे शब्द दिसले, तेव्हा उलगडा झाला.

अल्मालिनक्स ८ मधील डीएनएफ हे त्या प्रणालीच्या स्वतःच्या पायथन ३.६ साठीच बांधलेले आहे; ३.९ ला ते दिसत नाही. अँसिबलचे डीएनएफ मॉड्यूल (पॅकेजे इन्स्टॉल करणारा त्याचा भाग) ३.९ मध्ये सुरू होते, तिथे डीएनएफ सापडत नाही म्हणून डीएनएफ ज्या पायथनकडे आहे त्याचा शोध घेते, ‘प्लॅटफॉर्म-पायथन’ या प्रणालीच्या स्वतःच्या पायथनपर्यंत पोहोचते आणि स्वतःला त्याच्यात पुन्हा चालवते. तिथे असतो ३.६. मे २०२४ मध्ये आलेल्या २.१७ ने सर्व्हरांवरील पायथन २.७ आणि ३.६ चा आधार काढून घेतला, आणि त्याच्या कोडमधील ॲनोटेशन्स मागवणारी ओळ पायथनमध्ये ३.७ पासूनच चालते. त्यामुळे इंटरप्रिटर बदलूनही आपल्याला तीच जुनी ओळ दिसते. डीएनएफऐवजी यम (त्याच कामाचे जुने मॉड्यूल) लिहूनही भागणार नाही, कारण २.१७ पासून ते नावही डीएनएफ मॉड्यूलकडेच वळवलेले आहे.

माझा स्पष्ट सल्ला असा की सर्व्हरांना हात न लावता कंट्रोल मशीन मागे घ्यावे. तिथे वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनची स्वतंत्र जागा) करून पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने अँसिबल-कोअर २.१६ पेक्षा कमी नाही आणि २.१७ पेक्षा खाली, अशी अट घालून इन्स्टॉल करावे. त्या यंत्रावर पायथन ३.१० ते ३.१२ पैकी एक लागेल. मग इन्व्हेंटरीत (अँसिबलच्या सर्व्हरांच्या यादीत) लिहिलेला ३.९ चा पत्ता काढून टाकावा. ही पायरी विसरू नये. सर्व्हरांवरील ३.६ मात्र कोणत्याही परिस्थितीत काढू नये, कारण खुद्द डीएनएफ त्याच्यावर उभे आहे.

कमांड मॉड्यूलमधून थेट डीएनएफ चालवणे हाही मार्ग आहे, पण चेक मोड (प्रत्यक्ष बदल न करता केलेली चाचणी) आणि बदल झाला की नाही याची खरी नोंद हातची जाते. एखाद्या दिवसापुरताच तो वापरावा.

२.१६ ची मूळ प्रकल्पाकडून होणारी देखभाल मे २०२५ मध्ये संपली आहे, म्हणून प्रणाली अल्मालिनक्स ९ वर नेणे अटळ आहे. तिच्यात मुळातच पायथन ३.९ आहे आणि डीएनएफही त्याच्यासाठीच बांधलेले आहे. हे काम गळीत हंगामात काढू नये. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागलेली असताना वजनकाट्याचा सर्व्हर बंद ठेवता येत नाही, हे आपण जाणताच. हंगाम संपल्यावर आधी चाचणीच्या एका सर्व्हरवर करून पाहावे, आणि वजनकाट्याचा सर्व्हर सर्वांत शेवटी घ्यावा.