स्वतःची शिलाई कुठे धरायची?

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीची, वय 27. फॅशन डिझायनिंगचा डिप्लोमा केलाय, चार वर्षं घरी ब्लाउज-ड्रेस शिवतेय, आता स्वतःचं लेबल काढायचंय, खणाचे कुर्ते. दोन मशीन आहेत, एक मावशी पीसवर शिवायला येतात. 30 कुर्ते तयार आहेत, किंमत 1200 ठेवलीय. कोल्हापूरचं एक दुकान माल ठेवून घ्यायला तयार आहे, 40 टक्के त्यांचे आणि पैसे विकल्यावर. घरचे म्हणतात 1200 च जास्त होतात. देऊ का माल?

उत्तर : नको देऊस. म्हणजे त्या दुकानालाच देऊ नको असं नाही, पण या किमतीत तर बिलकुल नको.

तू पत्रासोबत हिशोबाचं पान पाठवलंस ते बरं केलंस. कापड 420, अस्तर 120, मावशींची शिलाई 300, बटण-लटकन-दोरा 40, इस्त्री आणि पॅकिंग 35. झाले 915. खाली तू लिहिलंयस 'नफा 285' आणि त्याला दोनदा अंडरलाइन केलीयस. आता मला सांग, या पानावर तू कुठे आहेस? कटिंग कोण करतं, कापड आणायला एसटीने कोण जातं, रात्री अकराला 'दीदी प्राइस प्लीज' ला रिप्लाय कोण देतं? मावशींची शिलाई धरलीस आणि स्वतःची फुकट. हे सगळ्याच करतात, मीही केलंय, कारण घरात बसून करतोय म्हणजे त्याला कुठे पैसे पडतात असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलेलं असतं.

परत मांड. 915 मध्ये तुझे दोन तास धर, तासाला फक्त 100 (हे कमीच आहे), म्हणजे 200. लाइट, मशीनची दुरुस्ती, खोलीचं भाडं, पीसमागे 100. आणि जे कुर्ते विकलेच जाणार नाहीत किंवा सेलमध्ये काढावे लागतील त्यांचा भार म्हणून 120. झाले 1335. यात नफा अजून आलेलाच नाही, नुसता खर्च निघतोय. आता दुकान 40 टक्के घेणार म्हणजे टॅगवरच्या 100 रुपयांतले 60 तुझ्याकडे येणार, मग 1335 हातात पडायला टॅग किमान 2225 चा हवा. 1200 चा टॅग लावून दिलास तर तुला 720 मिळतील. तू ज्याला 285 नफा म्हणतेस तिथे तुझ्याच हिशोबाने 195 खिशातून जातात, वर तो पैसा कधी येणार तेही दुकानदार ठरवणार.

माझंच सांगते. सुरुवातीला मी पुण्यातल्या एका दुकानाला 40 पीस असेच 'विकलं तर पैसे' वर दिले होते, सात महिन्यांनी 31 परत आले, एका मोठ्या काळ्या पिशवीत कोंबून. आम्ही ओट्यावर एकेक उलगडून बघितला. गळ्याच्या आतल्या पट्टीवर लिपस्टिकचे ओरखडे, काखेत घामाचे पिवळट डाग, दोन पीसच्या साइडच्या शिवणी उसवलेल्या, कारण ट्रायल रूममध्ये कुणीतरी एक्सएलच्या अंगात एम घुसवला होता. ऑफ व्हाइट तर सगळे गेलेच. विकलेल्या नऊचे पैसे मागायला मी पाच वेळा गेले आणि दर वेळी चहा मिळाला. तेव्हापासून एकच नियम, मोजके पीस द्यायचे, अर्धे पैसे आधी घ्यायचे, आणि खराब पीस परत घेणार नाही हे चलनावर लिहून सही घ्यायची. दुकानदार कुरकुरतात. ज्याला माल खरंच हवाय तो सही करतो.

फॅशन डिझायनर अनिता डोंगरेंची सुरुवात तुला माहीत असेल, 1995 मध्ये मुंबईत दोन शिलाई मशीन. तेव्हा त्यांचे वेस्टर्न कपडे दुकानांनी नाकारले म्हणून मग स्वतःच्या नावाने विकायला काढले, त्यातून पुढे 'अँड' हा ब्रँड झाला. एप्रिल 2016 मध्ये ब्रिटनच्या केट मिडलटन मुंबईत ओव्हल मैदानावर क्रिकेट खेळल्या तेव्हा अंगात डोंगरेंचाच ड्रेस होता, तो फोटो सगळ्यांनी बघितला. पण मला त्या गोष्टीत जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच, त्यांच्यासोबत धंद्यात भाऊ आणि बहीण दोघं होते. स्वतंत्र डिझायनर म्हणजे एकटी डिझायनर नव्हे गं. तुझ्याकडे हिशोबाला कोण आहे? दादा, वहिनी, शेजारची बी.कॉम.वाली, कुणीतरी बघ आणि तिला महिन्याला ठरवून पैसे दे.

आता कुर्त्याबद्दल, कारण किंमत वाढवायची तर कुर्ता त्या किमतीचा हवा. फोटोत दिसतंय की तू मुंढा (बाही जोडतो तो काखेचा काप) खूप खोल काढलायस. घालायला ऐसपैस वाटतं म्हणून सगळे खोल काढतात, पण मुंढा जितका खाली तितका हात वर केला की अख्खा कुर्ता वर ओढला जातो. मुंढा थोडा वर घे आणि त्याऐवजी बाहीचा घेर वाढव. मग तो कुर्ता घरातल्या कुणालातरी दिवसभर घालायला दे, स्कूटी चालवू दे, वरच्या फळीवरचा डबा काढू दे, दोरीवर कपडे वाळत घालू दे. संध्याकाळी काखेच्या घड्या बघ, तुला काय दुरुस्त करायचं ते तिथेच लिहिलेलं असेल. एक साइझ असा पक्का झाला की त्याचा जाड पुठ्ठ्याचा ब्लॉक (मूळ नमुना) करून भिंतीला टांग आणि बाकीचे साइझ त्यावरूनच काढ. डिझाइन दर सीझनला बदलेल, पण बाई परत येते ती फिटिंगसाठी.

आणि खण. कर्नाटकातल्या गुळेदगुडचा हातमागावरचा खण पहिल्यापासून चोळीसाठीच विणला जायचा म्हणून त्याचा पन्हा (कापडाची रुंदी) अरुंद. त्यात अख्खा कुर्ता बसत नाही, जोड द्यावा लागतो, तर तो जोड लपवत बसू नकोस, साइडला कळी घालून मुद्दाम दाखव, छान दिसतं. बाजारात मोठ्या पन्ह्याचा जो खण मीटरवर मिळतो तो बहुतेक पॉवरलूमचा. इचलकरंजीच्या मुलीला पॉवरलूम मी काय सांगणार! तो वापर, त्यात कमीपणा नाही, पण टॅगवर 'हातमाग' लिहू नकोस.

---

प्रश्न : मी जॅकेट्स करते, बाहीवरचं पोपटाचं प्रिंट पूर्ण माझं स्वतःचं. दोन वर्षांपूर्वी फोटो टाकले होते, आता एका मोठ्या ब्रँडच्या कुर्तीवर तोच पोपट आहे, फक्त चोच वळवलीय. केस करू का? (ठाणे)

उत्तर : राग आलाच असणार. पण आधी वहीत बघा की तुम्ही ते प्रिंट किती पीसवर छापलंय.

गोम इथे आहे. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याचं कलम 15 सांगतं की जे डिझाइन, डिझाइन कायद्याखाली रजिस्टर होऊ शकत होतं पण केलं नाही, ते छपाईसारख्या औद्योगिक पद्धतीने 50 पेक्षा जास्त वेळा वस्तूवर उतरलं की त्याचा कॉपीराइट संपतो. भलेभले यात अडकलेत. फॅशन डिझायनर रितू कुमार यांच्या कंपनीने बिबा या कपड्यांच्या ब्रँडवर असाच दावा लावला होता आणि 2016 मध्ये दिल्ली हायकोर्टात याच कलमावर तो टिकला नाही. 1960 च्या दशकात कोलकात्याजवळ हातछपाईपासून सुरू केलेलं काम, 2013 ची पद्मश्री, आणि तरीही.

तुमचे 50 च्या आत असतील तर वकिलाकडे नक्की जा, मूळ चित्राचा कागद आणि तारखेचा पुरावा घेऊन. वर गेले असतील तर तो पोपट उडाला असंच समजा. आता त्याचं रजिस्ट्रेशनही होणार नाही, कारण डिझाइन नवं लागतं आणि तुमचं दोन वर्षं जगासमोर आहे. म्हणून पुढच्या प्रिंटचा अर्ज आधी आणि इन्स्टावर फोटो नंतर. अर्ज ऑनलाइन होतो, एकट्या व्यक्तीला सरकारी फी 1000 रुपये, 10 वर्षं संरक्षण मिळतं आणि पुढे 5 वर्षं वाढवता येतं. प्रत्येक प्रिंटला एवढं करत बसू नका, जे तुमची ओळख होईल असं वाटतं त्यालाच करा.

---

प्रश्न : ताई, मी गडहिंग्लजची, सगळं इन्स्टावरून विकते, वर्षाला पाचेक लाखाचा धंदा. बेळगावच्या बायका फार मागतात. जीएसटी लागेल का?

उत्तर : बेळगाव आपलं वाटत असलं तरी जीएसटीला ते कर्नाटक आहे! महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकताना वर्षाला 40 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, पण दुसऱ्या राज्यात माल पाठवला की रक्कम कितीही असो, नोंदणी लागते. हाताने केलेल्या काही ठरावीक वस्तूंना यात सूट आहे, तुझं काम त्यात बसतं का ते सीएला एकदा विचार, गावातल्या मैत्रिणीला नको. आणि नोंदणी केलीस तर किंमत ठरवताना एवढं लक्षात ठेव, 22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्याला पीसमागे 2500 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्याच्या वर थेट 18 टक्के. 2600 चा कुर्ता ठेवायच्या आधी दहा वेळा विचार कर.

---

प्रश्न : वय 46, मुलं मोठी झाली. निफ्ट (फॅशनचं सरकारी कॉलेज) वगैरे काही नाही, फक्त शिवता उत्तम येतं. आता सुरू करणं म्हणजे वेडेपणा का? (नागपूर)

उत्तर : वेडेपणा नाही, पण घाई केलीत तर होईल. डिझायनर वैशाली शडांगुळे मध्य प्रदेशातल्या विदिशातून निघालेली मुलगी, 2001 मध्ये मुंबईत मालाडला छोटं बुटीक टाकलं, आणि पॅरिसच्या ओत कुतूर वीकमध्ये (उंची फॅशनचा मोठा सोहळा) तिचे कपडे पोचले जुलै 2021 मध्ये. मधली 20 वर्षं कुणी फोटोत दाखवत नाही. तुम्हाला पॅरिसला जायचंय असं पत्रात कुठे दिसलं नाही, तेव्हा तुम्हाला एवढी वर्षं लागायची नाहीत.

दुकान घेऊ नका, कर्जही लगेच नको. घ्यावंच लागलं तर मुद्रा योजनेत 50,000 पर्यंतचं 'शिशु' कर्ज आहे, त्यात एक चांगलं ज्युकी मशीन आणि ओव्हरलॉक (कापडाच्या कडा बांधायचं मशीन) बसतं. आधी ओळखीतल्या दहा जणींना पूर्ण किंमत लावून शिवून द्या. सख्ख्या बहिणीलासुद्धा. ती रुसली तर मला कळवा.